वाडीत बिबट्या नाही

सत्यशीलाने सवयीने चप्पल काढून हातात घेतली आणि तशीच थबकली. घाटाच्या वळणावर पाण्याने पडलेला गुडघाभर खोल चर आज जागेवर नव्हता. त्यात मुरूम भरला होता, मुरमावर पाणी मारलं होतं आणि पलीकडे रायभान धुमस आपटत होता. त्याच्यामागे वाडीतले सात-आठ बाप्ये फावडी घेऊन. एवढी माणसं एका कामावर तिने लग्नाच्या पंगतीशिवाय पाहिली नव्हती.

"या बाई, या. घाला चप्पल. आता खडा लागायचा न्हाई पायाला."

"हे कधी केलं, दादा?"

"कालपासून करून राह्यलो. समिती येनार ना आज. गावाची इज्जत हाये का न्हाई?"

रायभान वाडीचा पंचायत सदस्य. हा चर बुजवा म्हणून सत्यशीलाने त्याच्या दारात किती खेपा घातल्या होत्या. दर खेपेला तो म्हणे, सरकारचा रस्ता, सरकार बघंल. आज सरकार बघायला येणार होतं तर ह्यांनीच बुजवून ठेवला. ती चप्पल घालून चढू लागली. ओला मुरूम चपलेच्या तळाला चिकटत होता.

समिती येणार होती ती शाळा 'अवघड क्षेत्रात' बसते का हे बघायला. अवघड शाळेत तीन वर्षं काढली की शिक्षकाला हवं ते गाव आधी मागता येतं. सत्यशीलाची तीन वर्षं उन्हाळ्यात भरत होती. सोमवारी यायचं, आठवडाभर शाळेमागच्या खोलीत राहायचं, शनिवारी उतरायचं. बदनापुरात नवरा परमेश्वर, सासू आणि दुसरीतली अर्पिता. काल वेणी घालताना अर्पिता म्हणाली होती, "तू ढिली घालतीस. आजी घट्ट घालती." सत्यशीलाने वेणी सोडून परत घातली होती. तीही ढिलीच झाली.

अवघड ठरायला निदान तीन कसोट्या लागू पडायला हव्या होत्या. पहिली कसोटी डोंगराची आणि गंमत अशी, की तिथेच वाडी नापास होती. भोकरदनच्या उत्तरेला अजिंठ्याची रांग उठते, तिच्या ऐन धारेखाली ही वाडी. पण महसुलात वाडीला नावच नव्हतं. तिची नोंद पायथ्याच्या गावात आणि पायथ्याचं गाव सपाटीवर. कागदोपत्री सत्यशीला तीन वर्षं सपाट जमिनीवर धापा टाकत होती.

ह्यातही दोष वाडीच्याच पूर्वजांचा. धारेच्या अलीकडे निजामाची मोगलाई, पलीकडे इंग्रजांचं वऱ्हाड. दोन्हीकडे मेंढरांची चराई भरावी लागे. म्हणून ह्या धनगरांनी नेमकी धारेखालची जागा धरली. इकडचा कारकून मोजायला आला की मेंढरं तिकडे, तिकडचा आला की इकडे. दोन सरकारं मोजून मोजून थकली. वाडी कुणाच्याच वहीत आली नाही आणि त्याचा अभिमान अजून पारावर सांगितला जातो. पुढे जिल्हे झाले, मोडले, जालना वेगळा निघाला. वाडी लपलेलीच राहिली. लपलेल्या माणसाला कुणी शोधायलाही येत नाही, हे तिच्या ध्यानात यायला तीन पिढ्या लागल्या.

डोंगर हातचा गेला तरी तीन कसोट्या उरत होत्या. धड रस्ता नाही, मोबाईलला रेंज नाही आणि रानटी जनावरांचा त्रास. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. सत्यशीला त्यांच्याच भरवशावर होती.

समितीची जीप दहाच्या सुमारास थेट शाळेच्या दारात आली. वाडीच्या इतिहासात जीप इतक्या वर कधी आली नव्हती. समिती म्हणजे विस्तार अधिकारी फकरोद्दीन एकटेच. बाकीचे दोघे पायथ्याच्या गावात चहाला थांबले होते. फकरोद्दीन जालन्यातल्या मस्तगडचे, निवृत्तीला टेकलेले, बोलायला गोड. त्यांनी खाली उतरून आधी जीपची चाकं न्याहाळली, मग गाव.

"रस्ता तो बिलकुल चांगला आहे तुमचा."

"पहिल्यापासून असाच हाये साहेब," रायभान म्हणाला.

"आणि रेंज?"

"फुल्ल!"

आवाज वरून आला. शाळेच्या कुंपणभिंतीच्या कोपऱ्यावर वाडीतला पोरगा अंगद फोन धरून उभा होता. एरवी त्याला फोन लावायचा झाला तर धारेवर, हद्दीच्या जुन्या दगडापर्यंत चढावं लागे. वाडीत तेवढ्या एका कोपऱ्यात वऱ्हाडाकडच्या टॉवरची कधीमधी झुळूक येई, म्हणून तो सकाळपासून तिथून हलला नव्हता. फकरोद्दीननी स्वतःचा फोन काढून बघितला. तेवढ्यात अंगदचा वाजला.

"आमचा दोस्त कारभारी हाये, साहेब," अंगद वरूनच म्हणाला. "खालून बोलून राह्यलाय. तुमी कंपनी बदला."

लोक हसले. सत्यशीलाला हसू आलं नाही. ह्या वाडीने आजवर सरकारी माणसाला दुःखाशिवाय दुसरं काही दाखवलं नव्हतं. टँकर नाही, खांबावर दिवा नाही, रेशन पोचत नाही, असा पाढा आल्या-गेल्याला ऐकवायची. तीच वाडी आज सुखाने नुसती ओसंडत होती.

फकरोद्दीन साखराबाईकडे वळले. शाळेला लागूनच तिचं घर, ती ओट्यावर पाय सोडून बसली होती.

"मावशी, जनावरांचा त्रास?"

"हाये की. दोन म्हशी हायेत, मेंढरं हायेत."

"जंगली म्हणतो मी. बिबट्या वगैरे."

"बिबट्या? न्हाई बा. मांजरं हायेत दोन. लई माजलीत."

साहेबही हसले. सत्यशीला साखराबाईकडे बघत राहिली. गेल्या आठवड्यात एका पहाटे हीच बाई तिच्या खोलीच्या दारात येऊन रडली होती. बिबट्याने गोठ्यातली गाभण शेळी फाडली होती. सत्यशीला म्हणाली होती, वनरक्षकाला बोलवा, पंचनामा झाला तर भरपाई मिळेल. साखराबाईने नको म्हणून मान हलवली आणि दुपारी शेळीचं उरलंसुरलं कुंपणामागे पुरून टाकलं. का पुरलं, ते सत्यशीलाला आज कळलं.

तिने रायभानला बाजूला घेतलं.

"दादा, मला अडकवायला चाललंय ना हे सगळं?"

रायभान हाताला लागलेला मुरूम झाडत राहिला.

"अडकवायला कशाला? आमच्या पोरांचं बघून राह्यलो. तुमच्या आधीचे गुरुजी झेंड्याला यायचे. झेंडा उतरला की गुरुजी बी उतरले."

"माझी पोरगी आहे खाली."

"आमच्या वर हायेत, बाई."

पण गप्प बसायचं नाही हे तिने ठरवलं. ती तडक वर्गात गेली. फकरोद्दीन तिच्या खुर्चीत बसून लिहीत होते. समोर चौथीपर्यंतची मिळून नऊ पोरं सतरंजीवर, इतकी शहाण्यासारखी बसलेली की त्यांनाही पढवलं असावं.

"साहेब, मला बोलायचंय."

"आधी माझं ऐका, मॅडम." त्यांनी पोरांना बाहेर पिटाळलं आणि आवाज खाली आणला. "मुरूम कालचा आहे, माझ्या चाकाला लागलाय. तो भिंतीवरचा पोट्टा सकाळपासून हललेला नाही. मला सगळं दिसतं. पण गावच म्हणतंय सगळं सोपं आहे, तर म्हणू द्या. तुमचा फायदा आहे."

"माझा?"

"पट नऊ. रस्ता चांगला असला की दुसरी फाईल उघडती. एवढ्याशा पोरांसाठी वर शाळा कशाला, ती खालच्या शाळेत जाऊ शकतात ना. वर्ग खाली जाणार, तुम्ही जादा ठरणार. बदनापूरला जागा रिकाम्या आहेत. जून लागायच्या आत तुम्ही घरी. आणि मी अवघड लिहिलं तर? शाळा राहील. पण बदल्यांची यादी दोन वर्षं निघाली नाही, पुढे कधी निघेल, अल्ला जाने. तुम्ही नुसतं इथं सही करा, गावाचं म्हणणं बराबर आहे म्हणून."

त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. माणूस मनापासून भलं करत होता.

सत्यशीला खिडकीशी गेली. अंगद अजून भिंतीवरच होता, आता एका पायावर भार देऊन. बाप्ये पारावर बसून एकमेकांना टाळ्या देत होते. पूर्वजांसारखंच सरकारला फसवलं होतं त्यांनी. आपण काय फसवलं, हे फक्त त्यांना माहीत नव्हतं.

ओट्यापाशी साखराबाईची नात मोनिका खडूने जमिनीवर काहीतरी लिहीत होती. हिची थोरली बहीण पाचवीला खालच्या शाळेत जाऊ लागली होती. दिवाळीपर्यंत गेली, मग मेंढरांमागे लागली. घाटात एकट्या पोरीला कोण सोडणार? आणि मोनिका तर तिसरीतच होती.

तिने पदराने मान पुसली. सही करायची, एवढंच होतं. तिने काही केलं नव्हतं, काही मागितलं नव्हतं. सगळं वाडीनेच केलं होतं, तिच्या विरुद्ध, आणि तिच्याच पदरात पडत होतं. ती परत टेबलाशी आली. पेन उचललं, टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"साहेब, जरा बाहेर चला."

"मॅडम, विचार करा. घर आहे तुमचं."

"चला तर."

ती सरळ ओट्यावर गेली.

"मावशी, शेळी कुठं पुरली ते साहेबांना दाखवा."

पारावरचं हसणं थांबलं. साखराबाईने आधी न ऐकल्यासारखं केलं.

"कोनती शेळी?"

"मावशी."

"बाई, तुला काय कमी केलं गं आमी?"

"दाखवा."

"जाऊ द्या साखरामावशी," रायभान पारावरून मोठ्याने म्हणाला. "त्यांचा जीव कदी इथं नव्हताच. आमीच येड्यावानी रस्ता करत बसलो."

सत्यशीलाने मान वळवली नाही. शाळेचं, पटाचं, फाईलचं तिच्या ओठाशी आलं होतं. सांगितलं असतं तर वाडीने एका दमात बाजू बदलली असती. बिबटे पाचावर गेले असते, रस्ता दुपारच्या आत उखडला असता आणि साहेबांना एका शब्दावर विश्वास ठेवता आला नसता. आत्ता चिडून, नाइलाजाने निघालेलं सत्यच तेवढं टिकणार होतं.

साखराबाई उठली. चालताना तिने एकदाही मागे पाहिलं नाही. कुंपणामागच्या बोरीखाली थांबली आणि पायाने जागा दाखवली. फावडं आणायला कुणी हललं नाही, तेव्हा सत्यशीला खाली बसली आणि हातांनीच माती ओढू लागली. वीतभर खाली खुरासकट तंगडी लागली, मग मान. वास उठला. फकरोद्दीननी रुमाल नाकाला लावला, वाकून मानेवरच्या दातांच्या खुणा बघितल्या आणि गोठ्याची मोडलेली तट्टी बघून आले.

"अवघड लिहू मग, मॅडम?"

"लिहा."

त्यांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि दारातल्या जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून, आधीचं खोडून लिहायला घेतलं. अंगद भिंतीवरून उतरला आणि निघून गेला. पारावरचे एकेक करून उठले. जीप ओल्या मुरमावर दोन रेघा उमटवत खाली गेली.

बोरीखाली दोघीच उरल्या. साखराबाई पायाने माती खड्ड्यात लोटत होती. सत्यशीला समोरून हाताने लोटू लागली.

"झालं ना तुझ्या मनासारखं?" साखराबाईने विचारलं.

"झालं, मावशी," सत्यशीला म्हणाली आणि माती थापटत राहिली.