उजव्या बाजूची बांधणी

"मामा, हे उलटं बांधलंय."

दीपमालाने पुस्तक ग्यानोबांच्या पुढ्यात ठेवलं तेव्हा दुपारचे तीन वाजायला आले होते. पाच वाजता स्पर्धेच्या प्रवेशिका घेणं बंद होणार होतं. नांदेडात वजिराबादच्या गल्लीतलं ते बायंडिंगचं दुकान म्हणजे एक टेबल, एक दाबयंत्र आणि भिंतीपर्यंत पोचलेला चाळीस वर्षांचा गोंद. ग्यानोबांनी चष्मा वर ढकलला. आपल्या कामाला आजवर कोणी नाव ठेवलं नाही, हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत ऐकवत.

"उलटं कसं? सुलटं करूनशान बांधलंय. झेरॉक्सवाल्यानं गठ्ठाच उलटा धाडला होता."

"गठ्ठा बरोबर होता. ही जपानी पद्धतीची चित्रकथा हाय, मामा. उजवीकडनं उघडायची. चौकटी पण उजवीकडनंच वाचायच्या. तुम्हाला सांग म्हणून त्याला बजावलं होतं मी."

"मला कोणी काही सांगितलं न्हाई."

ते खरंच होतं. पानांवर आकडे नव्हते. ग्यानोबांनी वरचं पान आपलं डावीकडून पाहिलं, तर भाकर आधी मुलीच्या ताटात आणि मग आईच्या तव्यावर. दुसऱ्या पानावरही तोच प्रकार. दुसरा कोणी असता तर आहे तसं बांधून मोकळा झाला असता. पण ग्यानोबा पडले चोख माणूस. त्यांनी अठ्ठेचाळीस पानं एकेक करून उलट्या क्रमाने लावली, शेवटचं पहिलं, आणि डाव्या बाजूने पक्की चिकटवली. हुशारी नडते ती अशी.

दीपमाला लोह्याहून रोज नांदेडला कॉलेजात येई. जपानी चित्रकथांमधले, हरून पुन्हा मैदानात उतरणारे नायक तिने मोबाइलवर वाचून पाठ केले होते. तशीच एक आपल्याकडची नायिका तिने काढली होती, खो-खो खेळणारी कावेरी. दोन वर्षं ती काढत होती. निवडलेल्या पाच जणांना पुण्यात वर्षभर चित्रकथा शिकायला मिळणार होती. वयाची अट बावीस, आणि ऑगस्टमध्ये तिला तेवीस पूर्ण होणार. निवड झाली नाही तर निमूट बी.एड. करीन, असा शब्द ती बाबांना देऊन बसली होती.

"झेरॉक्स हाय ना तुझ्यापाशी? तीच बांधून देतो घंट्याभरात."

"मूळ पानंच द्यायची अट हाय." तिने त्यांचं पहिलं, म्हणजे तिचं शेवटचं पान उघडलं. कावेरीने सूर मारलेला होता आणि तिचा हात पुढच्या खेळाडूच्या पाठीपर्यंत गेलेला होता. डाव्या कडेला, जिथे बोटं पाठीला टेकतात, तिथेच पान गोंदात गेलं होतं. "कडा कापली तर बोटं जातील, मामा. मग ती जिंकली का हरली, कसं कळणार?"

ग्यानोबांचं तोंड उतरलं. जब्बार उस्तादांच्या हाताखाली त्यांनी उर्दू पुस्तकं शेकड्याने उजवीकडून बांधली होती. आज मात्र अक्षर मराठी दिसलं आणि हात सवयीने डावीकडे गेला.

"कापायचं न्हाई," ते म्हणाले. "इस्त्री लाव तिथं."

गोंद कालचाच होता, अजून कडक झाला नव्हता. ते इस्त्रीची ऊब द्यायचे, पातळ सुरी घालायचे आणि पान सोडवायचे. दीपमाला पानं क्रमाने लावत होती. तिला दर मिनिटाला घड्याळ दिसत होतं आणि ते पाहून तिला रडू येत होतं. तेविसाव्या पानाची कड जराशी फाटली. दीपमालाने ते तसंच क्रमात लावलं.

शेवटचं पान त्यांनी सुरीने सोडवलं नाही. ते अंगठ्याच्या नखाने, श्वास धरून सोडवलं. बोटं सुटली. एका नखापाशी गोंदाचा ठिपका राहिला, तेवढाच.

उजव्या कडेला नवा गोंद लागला तेव्हा चार पस्तीस झाले होते.

"दाबात घंटाभर तरी ठिवावं लागतंय."

"घंटा कुठून आणू, मामा?"

ग्यानोबांनी पुस्तक दोन पुठ्ठ्यांमध्ये घातलं, दोन्ही तळव्यांत दाबलं आणि दुकान उघडंच टाकून तिच्या स्कूटीवर मागे जाऊन बसले. हात गुंतलेले, त्यामुळे धरायला काही नाही. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस नुसत्या गुडघ्यांच्या जोरावर खड्ड्यांतून तगला. दीपमालाने दोनदा करकचून ब्रेक मारला, तरी तळवे सुटले नाहीत.

चार सत्तावन्नला प्रवेशिका घेणाऱ्या खिडकीतल्या बाईंनी पुस्तकावर शिक्का मारला.

"ह्याच्यावर वजन ठिवा, म्याडम. सकाळपर्यंत हलवू नका," ग्यानोबा म्हणाले. बाईंनी बाकीच्या प्रवेशिकांचा ढीग त्यावर ठेवला.

बाहेर येऊन दीपमाला पायरीवर बसली. ग्यानोबा तिच्या शेजारी बसले.

"काल मी सगळी वाचली," ते म्हणाले. "आधी जिंकती. मग गुडघ्याला पट्टी. मग हार. अन् शेवटी पोरगी आईपाशी बसून भाकर खाती. मला वाटलं, पोरीनं लई खरं काढलंय."

"ते उलटं झालं ना, मामा."

"हाव. पंच्याऐंशी साली मी जिल्ह्याच्या खो-खो संघात होतो. फायनलला शेवटचा गडी मीच मारला. दुसऱ्या वर्षी गुडघा गेला, मग उस्तादाकडं आलो." त्यांनी विचारलं, "सुलटी कशी हाय ते सांग बरं."

दीपमालाने सांगितलं. आईजवळची भाकर, पहिली हार, पट्टी, पुन्हा सराव, सूर, पाठीला टेकलेली बोटं. ते मन लावून ऐकत होते.

"जिंकून पुढं काय करती ती?"

"पुढं?" तिला आपलंच उत्तर थिटं वाटलं. "पुढं कथा संपती, मामा."

"हां," ते म्हणाले.

ते उठायला लागले, पण इतका वेळ दाबून धरलेली बोटं सरळ होईनात. दीपमालाने त्यांचा हात हातात घेतला आणि एकेक बोट हळूच उघडू लागली. त्यांनी हात काढून घेतला नाही. पाच वाजले होते, आणि आत कोणीतरी खिडकी लावत होतं.