भरावाच्या बेटावर

पोलादी खांबाच्या गार अंगावर तळहात टेकवून, डोळे किंचित मिटून, आजाऱ्याच्या कपाळावर हात ठेवून ताप बघावा तसा उभा असलेला अरविंद. चाळीस वर्षं संसार केला, पण नवऱ्याचं नाव काढलं की मला प्रथम दिसतो तो असा, ओसाकाच्या विमानतळावर, कलत्या दुपारी. समुद्रावरून येणारा फिकट, नुकताच धुतल्यासारखा उजेड त्या लांबच लांब काचेतून आत येतो आणि फरशीवर इतका अलगद पसरतो, की त्यावर पाऊल टाकायचा संकोच वाटावा. त्या उजेडात त्याचे पांढरे केस अधिकच विरळ दिसतात, आणि हाताची ती सावळी, रुंद, शिरा उठलेली पाठ मात्र खांबाइतकीच ठाम.

हा विमानतळ समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावर उभा आहे. तळाची माती मऊ, वरचा भार अफाट. त्यामुळे बेट बांधलं त्या दिवसापासून ते हळूहळू खाली बसतं आहे. इमारत वाकडी होऊ नये म्हणून प्रत्येक खांब खालून जॅक लावून उचलतात आणि त्याच्याखाली लोखंडी पत्रे सरकवतात. अरविंदने कॅलिफोर्नियातल्या भूकंपाच्या जमिनीत पाया घालण्यात उभी नोकरी घालवली, तेव्हा त्याच्या लेखी हे तीर्थक्षेत्रच. कराडला आईकडे जायचं तर वाट वाकडी करून तो इथूनच तिकीट काढायचा. बाकीच्या बायकांचे नवरे विमानतळावर दारूच्या बाटल्या न्याहाळतात, माझा खांब कुरवाळतो, असं मी आमच्या क्युपर्टिनोच्या मंडळींत सांगत असे आणि सगळे हसत. तोही हसे. मग एकदम गंभीर होऊन म्हणे, की उचलून धरणं म्हणजे बुडणं थांबवणं नव्हे, हे इथल्या माणसांना माहीत आहे आणि तरी ती रोज उचलतात.

मला त्या खांबांचं काही नव्हतं. मला तिथली शांतता आवडे. इतकी माणसं, इतक्या चाकांच्या बॅगा, पण कुणाचा आवाज म्हणून चढत नाही. घोषणा करणारी बाईसुद्धा झोपलेलं मूल जागं होऊ नये अशा बेताने बोलते. बाहेर, विमान धक्क्यावरून मागे सरकलं की खाली काम करणारी माणसं एका रांगेत उभी राहतात, वाकून नमस्कार करतात आणि विमान दूर जाईपर्यंत दोन्ही हात हलवत राहतात. आत बसलेल्यांत ओळखीचं कुणी नसतं. तरी हलवतात.

त्या वर्षी वैशाखात त्याच्या धाकट्या भावाचा, विनूचा फोन आला. आई सीरियस आहे, जमत असेल तर निघ, एवढंच तो म्हणाला. आमच्या इकडच्या मराठी घरांमध्ये या एका शब्दाचा अर्थ शाळकरी पोरांनासुद्धा कळतो. कुणाचे वडील सीरियस आहेत म्हटलं, की शेजारच्या काकू पोळ्यांचा डबा घेऊन येतात, काका गाडी काढून विमानतळावर सोडतात, आणि वाटेत सगळे हवापाण्याच्या गप्पा मारतात. परदेशात एकट्या पडलेल्या माणसाला वाटेतच कोसळू द्यायचं नाही, घरी पोचला की चार माणसांत, पाण्याचा तांब्या जवळ ठेवून सांगायचं, अशी ही रीत. अरविंदने स्वतः कित्येक मित्रांना असं पोचवलं होतं. पण आमची आई खरोखरच अजून होती. विनूने मला वेगळ्याने तसं शपथेवर सांगितलं होतं. तेव्हा तिची भेट होते की नाही, हा एकच प्रश्न घेऊन आम्ही सॅन फ्रान्सिस्कोहून विमानात बसलो. लवकरात लवकरचं तिकीट नेमकं ओसाकावरूनच मिळालं.

उतरल्यावर माझ्या फोनला विमानतळाचं इंटरनेट लागलं आणि आमच्या घरच्या ग्रुपवरचा पहिलाच मेसेज वर आला. अरविंदचे एक लांबचे चुलतभाऊ आहेत कोल्हापूरला, रोज सकाळी सुविचार पाठवण्यात ज्यांचा पहिला नंबर कधी चुकला नाही असे. त्यांनी समईचं चित्र टाकून भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली होती. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. आणि रांगेच्या शेवटी विनूचं, इथे कृपया कुणी काहीही टाकू नका. घरात सगळ्यांना बजावून ठेवलं असणार, की दादाला कळता कामा नये. फक्त या एका गृहस्थांना सांगायचं राहिलं. अरविंदचा फोन त्याच्या बॅगेत होता, बंद. निदान माझी तशी समजूत होती.

मी पाणी पिण्याच्या निमित्ताने बाजूला गेले आणि विनूला फोन लावला. आई सकाळी गेल्या होत्या, चहाचे दोन घोट घेऊन. बर्फाची पेटी आणली होती. दादा उद्या संध्याकाळी पोचेल, तोवर पेटीत राहतील. पण भटजी आणि वडीलधारी मंडळी म्हणत होती, इतका वेळ ठेवू नये. थोरला मुलगा तो, तेव्हा निर्णय त्याचाच. "वहिनी, दादाला सांगू नका," विनू म्हणाला, "पण थांबायचं का नाही, ते त्याला विचारून मला लगेच कळवा." असं सांगायचं नाही आणि विचारायचं मात्र, हे आमच्याच माणसांना सुचू जाणे. एरवी मी त्याला चार शब्द सुनावले असते. तेव्हा नुसतं बरं म्हटलं.

सिएटलहून मुलीचा, मीराचा फोन आला. तिनेही ग्रुपवरची समई पाहिली होती, आणि मी बाबाला अजून सांगितलं नाही हे तिला पटेना. "मॉम, जस्ट टेल हिम. ही हॅज अ राइट टु नो." ती जन्मली वाढली त्या देशात डॉक्टर रोग्याच्या डोळ्यांत बघून महिने सांगतात. तिचं चुकत होतं असं नाही. पण हक्क म्हणून ज्याला आपण हे द्यायचं, त्याच्याजवळ त्या क्षणी दुसरं काय शिल्लक होतं? आई जिवंत आहे, एवढंच. ते काढून घ्यायला माझा हात धजेना. आणि न सांगावं, तर तिकडे पेटीभोवती बसलेली माणसं माझ्या निरोपाची वाट पाहत होती.

मी लांबून त्याच्याकडे पाहत राहिले. उजेड आता पिवळसर झाला होता, छताच्या लांब वळणावरून हळूहळू खाली उतरत होता. तो काचेपाशी पाठमोरा उभा होता, हात मागे बांधून, डावा खांदा थोडा उतरलेला, शर्टाची कॉलर एका बाजूने मुडपलेली. वाटलं, आत्ता जावं, कॉलर नीट करावी आणि त्याच हाताने सांगून टाकावं. गेले नाही. ज्याच्या पाठीकडे बघून मी निम्मं आयुष्य काढलं, त्या पाठीची मला तेव्हा भीती वाटली.

मग तो वळला आणि खाऊच्या दुकानाकडे चालू लागला. तिथे एक केक मिळतो, पिवळा, मऊ, दुधात न भिजवताही तोंडात विरघळणारा. आईंना दात नव्हते. दर खेपेला तो केक कराडला जायचा, आणि त्या पहिला तुकडा देवापुढे ठेवून मग स्वतः खायच्या. जपानचा प्रसाद म्हणायच्या त्याला. आता हा तो घेणार, हजारो मैल छातीशी धरून नेणार, आणि दारात पोचल्यावर त्याच्या हातातून तो कुणीतरी हळूच काढून घेणार. मी त्याच्या मागोमाग गेले.

त्याने डबा उचलला. दुकानातली मुलगी हसून वाकली. डबा त्याने उलटा केला, सुलटा केला, वरच्या कागदावरून अंगठा फिरवला. आणि जागच्या जागी ठेवून दिला. नुसता ठेवला नाही. शेजारच्या डब्यांच्या रेषेत कडेला कड लावून नीट बसवला. मग त्या मुलीला तिच्यासारखंच वाकून नमस्कार करून तो बाहेर आला.

सुतक लागलेल्या घरात गोडाचं काही नेत नाहीत, हे कराडला वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. मला एकदम सगळं कळलं.

आम्ही बाकावर शेजारी बसलो. तो समोर बघतच म्हणाला, "विमानातल्या इंटरनेटवरच वाचलं. तू झोपली होतीस."

म्हणजे अर्धा समुद्र ओलांडून होईपर्यंत तो ते घेऊन माझ्या शेजारी बसला होता. माझ्या अंगावरची शाल त्याने वर ओढली होती, माझ्यासाठी चहा मागून घेतला होता. मी त्याला जपत होते आणि तो मला. मी त्याचा हात धरला आणि विनूचा प्रश्न सांगितला. पेटी आहे, उद्यापर्यंत थांबता येईल, तुला चेहरा दिसेल, हेही सांगितलं. खरं म्हणजे त्याने हो म्हणावं असं मला फार वाटत होतं. त्यासाठीच तर निघालो होतो.

त्याने काचेबाहेर पाहिलं. विमानं येत होती, जात होती. मग म्हणाला, "थांबू नका म्हणावं. आयुष्यभर तिला मीच ताटकळत ठेवलं. आता नको."

रविवारी सकाळी त्याचा फोन असायचा. आई त्या दिवशी पहाटे न्हाऊन, धुतलेलं पातळ नेसून फोनशेजारी बसत आणि फोन होईपर्यंत कुणालाही त्याला हात लावू देत नसत. इकडे आमची शनिवारची संध्याकाळ. कुणाकडे तरी जेवण, मीराची मॅच, नाहीतर याचं काहीतरी कामाचं. फोनला उशीर व्हायचा. तिकडे ताट झाकून ठेवलेलं. पुढच्या वर्षी कायमचा येतो, असं तो सांगायचा, आणि ते खोटं नव्हतं. दर वर्षी त्या त्या वर्षापुरतं ते अगदी खरं असायचं. आधी ग्रीन कार्ड आडवं आलं, मग मीराची शाळा, मग तिचं कॉलेज, मग त्याची अँजिओप्लास्टी. आईंनी एकदाही तक्रार केली नाही. फक्त त्याची खोली त्यांनी कधी भाड्याने दिली नाही, आणि दर दिवाळीला तिथली गादी उन्हात घालायच्या.

मी विनूला निरोप दिला. पलीकडे तो बरं म्हणाला, आणि मागे कुणीतरी बायांना उठायला सांगत असलेलं मला ऐकू आलं. पाच मिनिटांत हजारो मैलांवरचं एक घर उठून उभं राहिलं आणि आम्ही मात्र तिथेच बसून होतो. रडायलासुद्धा ती जागा फार स्वच्छ होती.

मग तो उठला आणि आंघोळ करायची आहे म्हणाला. मरणाची वार्ता कानावर आली की न्हायचं असतं. देवधर्माच्या बाबतीत हा माणूस कधी माझ्या वाऱ्यालाही उभा राहिला नाही. श्रावणात मी उपास धरला की पोटभर टिंगल करणारा. त्या विमानतळावर प्रवाशांसाठी न्हाणीघरं आहेत. काउंटरवरच्या मुलाने त्याच्या हातात घडी घातलेला पांढरा टॉवेल ठेवला, कसलीही चौकशी न करता. मी दाराबाहेर उभी राहिले. आत पाणी पडत होतं, मध्येच थांबत होतं, पुन्हा पडत होतं. इतका वेळ मी त्याला कधी न्हाताना ऐकलं नव्हतं. बाहेर आला तेव्हा अंगावर तोच प्रवासाचा चुरगळलेला शर्ट होता, केस ओले, डोळे लाल, आणि चेहरा एकदम त्याच्या आईसारखा. इतक्या वर्षांत ते साम्य मला कधी दिसलं नव्हतं.

संध्याकाळ झाली. समुद्र आणि आकाश यांच्यामधली रेघ पुसली गेली, काचेत आता बाहेरचं काही न दिसता आमच्याच दोघांच्या आकृत्या दिसू लागल्या. कृष्णेच्या काठी तेव्हा अजून ऊन असणार. त्याने घड्याळात पाहिलं नाही. आमच्या विमानाची घोषणा झाली, माणसं उठली, रांग लागली, रांग संपली, आणि गणवेशातली एक मुलगी आमच्यापर्यंत चालत येऊन अदबीने कमरेत वाकली, तेव्हा कुठे आम्ही उठलो.

त्यालाही आता काही वर्षं झाली. त्या खेपेनंतर आम्ही पुन्हा भारतात गेलो नाही. जाऊ नये असं कुणी ठरवलं नव्हतं. रविवारी सकाळी विनूचा फोन येतो, दोघं भाऊ गुडघेदुखीवर बोलतात. देवळात भेटणारी तरुण मुलं विचारतात, काका, इंडियाला कधी? अरविंद म्हणतो, बघू. घरी येऊन तो मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली बसतो आणि क्युपर्टिनोचं ते कधी न मळणारं ऊन त्याच्या पायांवरून भिंतीवर, भिंतीवरून छपरावर चढत जातं. मी चहा नेऊन देते. त्याला कुठे जायचं नसतं, कुठून यायचं नसतं. माणूस गेलं की त्याची आठवण मागे राहते म्हणतात. राहत असेल, पण आठवण कधी कुणाची वाट पाहत नाही, आणि वाट पाहणारं माणूसच उरलं नाही की जगातली सगळी गावं सारखीच लांब होऊन जातात.