लाल गोळीचं गाऱ्हाणं

मी खोटी गोळी बोलतेय. हसू नका. खोटी म्हणजे नकली नव्हे, सरावाची. माझ्या अंगात दारू नाही, टोकाला शिसं नाही. सगळं अंग लाल प्लॅस्टिकचं आणि बुडाशी पितळेची एक चकती. पिस्तुलात घालून चाप ओढला की नुसतं 'टक्' होतं. धूर नाही, आवाज नाही, कुणाला इजा नाही. इतकी गुणाची असूनही ओक्लाहोमातल्या माणसांना माझं कधी कौतुक वाटलं नाही.

माझ्या जन्माचं सांगण्यासारखं काही नाही. साच्यातून निघाले, बहिणींबरोबर एका पाकिटात बसले आणि हार्लन गावच्या बंदुकांच्या दुकानात गल्ल्याशेजारी खिळ्याला लटकले. तिथे जे ऐकलं त्याने माझं डोकं कायमचं उठलं. नऊ मिलिमीटरची गोळी बरी की पंचेचाळीसची, यावर दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत वाद. वाद घालणाऱ्यांतल्या निम्म्यांनी वर्षभरात एकदाही चाप ओढलेला नसायचा.

आणि ते नवरे! "बायकोसाठी घ्यायचंय. छोटंसं दाखवा, हलकं. गुलाबी मूठ मिळेल का?" बायको तिथेच मागे उभी, सुक्या मांसाची पाकिटं चाळत. तिला कुणी विचारायचं नाही. आता हलकं पिस्तूल उडवताना हाताला सगळ्यात जास्त झटका देतं, हे माझ्यासारख्या प्लॅस्टिकच्या तुकड्याला कळतं. ती बिचारी घरी जाऊन एकदा उडवते, मनगट चोळत बसते आणि ते पिस्तूल मोज्यांच्या खणात जाऊन पडतं. आणि नवरा म्हणतो, आता बायको सुरक्षित आहे.

मला विकत घेतलं ओरिन टॅकेटने. उंच, वाळलेला, कमी बोलणारा माणूस. दर शनिवारी तो गावातल्या लोकांना पिस्तूल वापरायला शिकवायचा. त्याच्या हाती पडले तेव्हा कुठे मला माझं काम कळलं. तो शिकणाऱ्याच्या नकळत खऱ्या गोळ्यांमध्ये मला घालून ठेवायचा. माणूस नेम धरतो, चाप ओढतो, आणि पाळी माझी येते. टक्. गोळी सुटलेलीच नाही, तरी नळी झटकन खाली गेलेली. म्हणजे गडी धक्क्याला घाबरून आधीच हात दाबतोय. आता कळलं नेम का चुकतो?

"कुणाला घाबरलास? गोळी तर नव्हतीच," ओरिन म्हणायचा.

"नाही हो, डोळ्यात कचरा गेला."

इतक्या धट्ट्याकट्ट्या माणसांच्या डोळ्यात त्या मैदानावर कचरा गेला की बोलायची सोय नाही. मी खरं काय ते दाखवायचे आणि ते माझ्याकडेच डोळे वटारून बघायचे. वर मला मातीतून उचलून फुंकर मारायचीही कुणाला बुद्धी नाही. फक्त ओरिन मला सदऱ्याला पुसून खिशात टाकायचा.

त्याची बायको नेल्डा त्याच्या वर्गाला कधी आली नाही. "घरात एक वेडा पुरे," म्हणायची. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. ओरिन रोज सकाळी दाढी करून, पट्टा बांधून, पिस्तूल कमरेला लावूनच नाश्त्याला बसायचा आणि ती त्याच्या ताटलीत मऊ पावासारख्या बिस्किटांवर गरम ग्रेव्ही ओतायची. लग्न झाल्यापासून हे असंच चाललेलं.

मग ओरिन विसरायला लागला. आधी नावं, मग रस्ते. एकदा तर शेजारच्या गावाला जायला निघाला आणि पेट्रोल संपेपर्यंत गाडी चालवत राहिला. तिथपर्यंत नेल्डाने सांभाळून घेतलं. पण एका रविवारी चर्चच्या संडासात तो पिस्तूल विसरून आला. कागदाच्या गुंडाळीवर ठेवलं आणि हात धुऊन बाहेर. ते सापडलं दोन लहान लेकरांच्या आईला. तिने काही न बोलता ते हातरुमालात गुंडाळून नेल्डाच्या पर्समध्ये सरकवलं.

"ओरिन, आता ते घरी ठेवत जा," नेल्डा घरी जेवताना म्हणाली.

"का?"

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या."

"त्या राहतात शहरात. इथे शेरिफची गाडी येईस्तोवर चुलीवरच्या घेवड्याचा कोळसा होतो. तुझ्याकडे कोण बघणार?"

"माझी मी बघीन."

"तू? तुला चाप कुठे असतो ते तरी माहीत आहे का?"

"तुझ्याशी बोलणं म्हणजे खांबाशी बोलणं," नेल्डा म्हणाली आणि ताटल्या उचलून गेली. ओरिन स्वतःशीच म्हणाला, "मग मी करायचं काय?" त्याच्या आयुष्यात दुसरं काही उरलं नव्हतं हो. वर्ग बंद, गाडीची किल्ली काढून घेतलेली. बायकोची राखण करतो, एवढ्यावरच तो सकाळी उठत होता.

दुसऱ्या दिवशी तो दाढी करत असताना नेल्डाने पलंगाशेजारची लोखंडी पेटी उघडली. पिस्तुलातल्या खऱ्या गोळ्या काढल्या आणि वर्गाच्या जुन्या डब्यातून आम्हा लाल बहिणींना काढून तिथे भरलं. एकही चूक नाही. जन्मभर त्याच्याकडे न बघता बघत होती तर! मला तिने सगळ्यांच्या पुढे, थेट नळीत बसवलं.

ओरिनची जुनी सवय अशी की पट्ट्याला लावण्याआधी पिस्तुलाचा वरचा भाग बोटभर मागे ओढून आत गोळी आहे का ते बघायचं. त्याने ओढला. मी तिथेच होते, लालभडक. त्याने माझ्याकडे बघितलं. मी मनात म्हटलं, आता घरात रामायण घडणार. त्याने वरचा भाग सोडला, पिस्तूल कमरेला लावलं आणि बिस्किटं खायला बसला.

नेल्डा शेगडीकडे तोंड करून उभी होती. तिला रडू आलेलं मला ऐकू आलं. साऱ्या तालुक्याला 'स्वतःच्या डोळ्यांनी बघा' म्हणून सांगणारा हा माणूस, आणि डोळ्यांपुढचा लाल रंग त्याला दिसला नाही. मला तर असा संताप आला की विचारू नका. मला नळीत पाहून ओरडणार नाहीस तर मग कशाला बघतोस?

त्यानंतर माझी वरात सुरू झाली. पशुखाद्याच्या दुकानात मी, कॅटफिश माशांच्या जेवणावळीत मी, चर्चमध्ये प्रार्थनेला मी. दारात कुत्रं भुंकलं की हा नेल्डाला मागे सारून स्वतः पुढे व्हायचा, कमरेला हात लावून. कमरेला काय, तर आम्ही! नेल्डाचा जीव दोन्हीकडून टांगलेला. खऱ्या गोळ्या भराव्यात तर कुणाचं तरी लेकरू मरायचं. खोट्या भराव्यात तर उद्या खरोखर कुणी आलं की हा म्हातारा रिकाम्या हाताने पुढे उभा राहणार, आणि त्याला ठाऊकही नसणार.

अशातच शॉना आली. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणारी मुलगी. नवऱ्यापासून वेगळी झाली होती आणि तो धमक्या देत होता. कोर्टाने त्याला लांब राहायला सांगितलं होतं, पण कोर्टाचा कागद दाराला कडी घालत नाही. ओरिनने शिकवावं म्हणून ती आली होती. त्या दिवशी ओरिनचं डोकं लख्ख होतं. तिने पिशवीतून पिस्तूल काढून टेबलावर ठेवलं. गुलाबी मुठीचं.

"हे कुणी निवडलं?" ओरिनने विचारलं.

"भावाने."

"मग भावालाच दे. पोरी, पिस्तूल तुझ्या हाताला बसायला हवं. भावाच्या मताला नव्हे. चल मैदानावर. माझं धरून बघ."

नेल्डाच्या हातातला चहाचा ग्लास टेबलावर आपटला. पण थांबवणार कोणत्या तोंडाने? "मी पण येते," ती म्हणाली. खऱ्या गोळ्यांचा डबा तिने पर्समध्ये घातला आणि गाडी तिनेच चालवली.

मैदानावर ओरिनने शॉनाला उभं कसं राहायचं ते दाखवलं. "पळता आलं तर पळायचं. दार लावता आलं तर दार लावायचं. हे सगळ्यात शेवटी," असं सांगून पिस्तूल तिच्या हातात दिलं. कानावर आवाज अडवणारी टोपणं चढली. नेल्डा गाडीला टेकून उभी. आता टक् होणार आणि एका परक्या मुलीपुढे आपल्या नवऱ्याची शोभा होणार.

शॉनाने चाप ओढला. टक्. नळी चार बोटं खाली.

शॉनाने वळून बघितलं. "ओरिनकाका, हे बिघडलंय का?"

"पिस्तूल नाही बिघडलं. तुझा हात बघ कुठे गेला. गोळी नसताना घाबरलीस, तर असताना काय करशील? पुन्हा ओढ."

"म्हणजे तुम्ही मुद्दाम खोट्या घातल्यात?"

"मुद्दामच," ओरिन म्हणाला. तो नेल्डाकडे वळलाही नाही.

त्या दिवशी आम्ही सगळ्या बहिणी मातीत पडलो, पुन्हा भरल्या गेलो, पुन्हा पडलो. कितीतरी दिवसांनी मला माझं खरं काम मिळालं होतं. शॉनाचा हात हळूहळू शांत झाला. मग ओरिन म्हणाला, "नेल्डा, खऱ्या गोळ्या आणल्यास ना? दे तिला भरून."

"मी?"

"तूच. मला नको देऊ. तुला छान भरता येतात."

नेल्डाने भरल्या.

परतताना शॉनाला तिच्या दारात सोडलं. मी ओरिनच्या सदऱ्याच्या खिशात होते, मातीने माखलेली.

"कधी कळलं?" नेल्डाने विचारलं.

"पहिल्याच सकाळी. अगं, शिशाच्या गोळ्या कुठे आणि प्लॅस्टिकच्या कुठे. जन्मभर हे वजन कमरेला वागवलंय मी. पट्टा बांधला आणि विजार घसरत नाही म्हणजे काय?"

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर भांडलो असतो. भांडलो असतो तर जिंकलो असतो. आणि मग एखाद्या दिवशी..." तो थांबला. "त्या चर्चमधल्या लेकरांना मी ओळखतो, नेल्डा. जोवर काही आठवतंय, तोवर मी तिथे काय विसरलो होतो ते मला आठवतं."

नेल्डाने गाडी कडेला घेतली.

"एक कर," ओरिन म्हणाला. "रोज सकाळी मला विचार, कसं लागतंय म्हणून. मी हलकं म्हटलं तर राहू दे. ज्या दिवशी मला हलकं कळणार नाही, त्या दिवशी पट्टा काढून घे. मी भांडेन, तरी घे."

तेव्हापासून रोज दाढी झाल्यावर नेल्डा पिस्तुलात आम्हालाच भरून त्याला पट्टा द्यायची आणि विचारायची, "कसं लागतंय?"

"हलकं."

कधी म्हणायचा, "चिमणी बसल्यासारखं." कधी म्हणायचा, "तुझ्या भावाच्या डोक्याएवढं." मग दोघं हसायची. नावं गेली, वार गेले, लेकीचा फोन आला तर कोण बोलतंय ते गेलं. पण सकाळी पट्टा बांधला की "हलकं" यायचं. नेल्डा ग्रेव्ही ओतायची आणि मी सुटकेचा श्वास टाकायचे. तेवढ्या एका शब्दावर घर चाललं होतं.

वसंत आला, रेडबडच्या झाडांना गुलाबी फुलं आली होती त्या दिवसांत. ओरिनने दाढी केली, पट्टा बांधला, पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढून माझ्याकडे बघितलं.

"कसं लागतंय?" नेल्डाने विचारलं.

"छान," तो म्हणाला. "नेहमीसारखं, जड. तू काळजी करू नको, नेल्डा. मी आहे ना."

नेल्डाने पुन्हा विचारलं. तो पुन्हा तेच म्हणाला, तितक्याच मायेने. मग ती पुढे झाली आणि त्याच्या कमरेचं बक्कल सोडलं. ती भांडणाची तयारी करून उभी होती. तो भांडलाच नाही. डॉक्टरकडे तपासायला गेल्यावर उभं राहतात तसे त्याने दोन्ही हात वर धरले आणि पट्टा निघून गेल्यावर खाली घेतले. नेल्डा बाहेरच्या पायरीवर जाऊन बसली. खूप वेळ आत आली नाही.

पिस्तूल आता त्या घरात नाही. ते आणि खऱ्या गोळ्या ती शॉनाला देऊन आली. शॉनाचा हात त्याला बसलेला आहे, हे ओरिननेच सांगितलं होतं. माझ्या बहिणीही तिकडेच गेल्या, सरावाला. मी तेवढी राहिले, कारण ओरिन रोज सकाळी कमर चाचपतो आणि घाबरतो. "नेल्डा, माझं...?" काय ते त्याला सांगता येत नाही. मग नेल्डा मला त्याच्या सदऱ्याच्या खिशात टाकते. "आहे की तुझ्यापाशी." तो खिशावर थोपटतो, बाहेर व्हरांड्यात खुर्ची टाकतो आणि रस्त्याकडे बघत दिवसभर तिची राखण करतो.

माणसांनी मला पुष्कळ वैताग दिला. खरं ते दाखवलं तर माझ्यावर चिडले, आणि आता मी दिवसभर खोटेपणा करते तर माझ्यावाचून त्यांचं पान हलत नाही. तक्रार करायची कुणाकडे? करतही नाही. नेल्डाबाई, तुझ्याकडे एकच मागणं आहे. सदरा धुवायला टाकताना आधी खिसा बघत जा. तो उठेल, आणि मी तिथे असायला हवी.