तुळईखालचा बाक

दिव्यश्रीने स्क्रू ड्रायव्हर तुळईला टेकवून जरासा दाबला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. शिडीवरून उतरली तेव्हा तिचे केस भुशाने भरले होते.

"वाळवीने आतून सगळी खाल्लीय," ती पाळकांना म्हणाली. "अय्या, चर्च आजच बंद करा."

पाळक ज्ञानमुत्तू वर बघत राहिले. तंजावूरच्या एका अरुंद गल्लीतलं हे छोटं चर्च. गिलावा पडायला लागला म्हणून त्यांनी दिव्यश्रीला बोलावलं होतं. ती कॉलेजात इंजिनिअरिंग शिकवायची आणि जुन्या इमारती तपासून द्यायची.

"उद्या रविवार. प्रभुभोजन आहे. एवढी एक उपासना होऊ दे?"

"उद्या पडेल की दहा वर्षांनी, मला सांगता येत नाही. म्हणूनच हो म्हणता येत नाही."

"मग समोरच्या अंगणात बसू," पाळक म्हणाले, आणि म्हणताच त्यांचा चेहरा उतरला.

समोर, गल्लीपलीकडे, सफाई कामगारांची वस्ती होती; अंगण तिचंच. ती माणसंही याच चर्चची. पण पुढचे बाक जुन्या घराण्यांचे आणि वस्तीवाल्यांनी मागे चटयांवर बसायचं, असं चालत आलं होतं. कुणी ठरवलं ते ठाऊक नव्हतं; मोडायला मात्र कुणी धजलं नव्हतं.

घरी दिव्यश्रीला जेवण जाईना. वडील, सीतारामराव, तिच्या चुळबुळीकडे बघत होते.

"रिपोर्ट दिलास न? झालं तर. त्यांच्या कोविलाची, त्या चर्चची काळजी तुला काय म्हणून?"

"कोविलाची नाही, अप्पा. आतल्या माणसांची. ऐकायची नाहीत ती."

तिने टीव्ही लावला, बंद केला, पुन्हा लावला. सकाळी कॉफी अर्धी टाकून तिने स्कूटर काढली.

अंगणात चटया घातल्या होत्या. दोरीवरचे कपडे काढून घेतले होते, टेबलावर पांढरं कापड होतं. अर्धे लोक खाली बसले होते. बाकीचे रस्त्यावर उभे होते, धड इकडे नाहीत, धड तिकडे नाहीत. पाळक घाईने तिच्याकडे आले.

"राजम अम्मा आत जाऊन बसल्यात. मी कुलूप लावलं होतं, पण एक किल्ली त्यांच्याकडेही असते."

राजम निवृत्त मुख्याध्यापिका. कडक इस्त्रीची साडी नेसून त्या पहिल्या बाकावर ताठ बसल्या होत्या, नेमक्या तुळईखाली.

"अम्मा, बाहेर या," दिव्यश्री दारातून म्हणाली. "ती तुळई पोकळ झालीय."

"तू कुणाची ग?"

"सीतारामरावांची मुलगी."

"म्हणजे आमच्यातली नव्हेस. हे माझ्या आजोबांनी बांधलं. मी प्रभूला इथं भेटते. त्या अंगणात नाही."

बाहेर लोक कंटाळले होते. "अय्या, सुरू करा, ऊन चढतंय," रस्त्यावरून कुणीतरी म्हणालं.

पाळकांनी प्रभुभोजनाची भाकर हातात घेतली, पुन्हा ताटलीत ठेवली. "आपण सगळे एका शरीराचे अवयव, असं मी दर वेळी सांगतो. एक अवयव तिथं मरणाखाली बसलाय. मी ही भाकर मोडू कशी?"

"आजवर कुठं होतं ते शरीर, अय्या?" चटईवरून एक माणूस हळूच म्हणाला.

पाळकांनी ताटली कापडाने झाकली.

तेवढ्यात अन्नम उठली. पहाटे बाजाराचे रस्ते झाडणारी, पन्नाशीची बाई. मांडीवरची नात शेजारणीकडे देऊन ती सरळ चर्चकडे निघाली. दिव्यश्री दारात आडवी आली.

"तुम्ही नका जाऊ. एक जण आत आहे तेवढं पुरे."

"एकटं कसं सोडायचं त्यांना?" असं म्हणून अन्नम तिच्या हाताखालून आत गेली आणि पहिल्या बाकावर राजमच्या शेजारी बसली. त्या बाकावर ती आयुष्यात पहिल्यांदाच बसत होती.

"इथं का बसतेस?" राजम म्हणाल्या.

"तुम्ही बसलात म्हणून. पडली तर दोघींवर पडेल."

"ऊठ. बाहेर जा."

"तुम्ही उठा, मी उठते."

कौलांवर कावळ्याने नखं खरवडली. भुशाची बारीक धार दोघींच्या मधोमध सांडली.

राजम उठल्या. अन्नम शेजारी बसलेली सहन होईना म्हणून, की अन्नम तुळईखाली बसलेली बघवेना म्हणून, ते दिव्यश्रीला कधीच कळलं नाही. पायरीवर अन्नमने हात पुढे केला. राजमनी तो धरला नाही.

अंगणाच्या कडेला खुर्ची घेऊन त्या बसल्या. भाकर मोडली गेली. द्राक्षरसाचा एकच पेला आधी अन्नमच्या ओठांना लागला, पाळकांनी कड पुसली आणि तो राजमपुढे धरला. त्यांनी हातात घेतला आणि नुसत्या बघत राहिल्या. मग प्याल्या, आणि इतक्या घाईने परत दिला की दोन थेंब साडीवर सांडले.

रस्त्यावरचे काही लोक येऊन चटयांवर बसले. काही घराणी आलीच नाहीत. पुढच्या रविवारपासून ती दुसऱ्या चर्चला जाऊ लागली.

तुळई उतरवताना दोरांतच तिचे तुकडे झाले. राजम दर रविवारी अंगणात येत राहिल्या. अन्नमशी त्या फारसं बोलत नाहीत, पण ती जवळ बसली तर उठतही नाहीत.

एका संध्याकाळी, प्रार्थनेआधी, पाळक छत उतरवलेल्या चर्चमध्ये येरझारा घालत होते. "काम जरा हळू करता येईल का?" त्यांनी दिव्यश्रीला विचारलं.

"हळू? का?"

"आत गेलो की तेच बाक, तीच जागा."

"मग बाक काढून टाका."

"काढीन. मग आणखी काही जण निघून जातील. त्यांना जाऊ द्यायचं? मंडळी त्यांचीही आहेच ना?"

सुतारांनी नवी तुळई आणून भिंतीला टेकवली होती. "अय्या, ही उन्हापावसात फार दिवस ठेवता येणार नाही," ती म्हणाली.

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले आणि गल्ली ओलांडून अंगणात गेले. चटया अजून घालायच्या होत्या.