दोन बिल्ले, एक जॅक

आजोबा गेले. हे एकदा सांगून टाकलं, आता विसरून जाऊ. सकाळी अकराला ते चांगले जिवंत होते आणि स्लॅबखालून मला विचारत होते, की तुमच्या खात्यात सगळेच इतके हळू आहेत की आज खास माझ्यासाठी?

घड्याळदुरुस्तीच्या दुकानाचा पोटमाळा खाली आला होता. दुकान चालवणारे आजोबा आणि आजी एकाच स्लॅबच्या दोन टोकांखाली अडकले होते. मधे लोखंडी कपाट, त्यावर स्लॅब बागेतल्या सी-सॉसारखा तोललेला. एक टोक उचललं की दुसरं दाबणार. म्हणून अशा ठिकाणी दोन्ही टोकांना एकदम जॅक लावतात. सोपं काम.

मी ड्रायव्हरला म्हटलं, दोन्ही जॅक काढ. त्याने एक जॅक आणि एक पितळी बिल्ला आणून दिला.

आमच्या अग्निशमनाच्या गाडीत प्रत्येक अवजाराला खण असतो आणि खणावर बिल्ला; अवजार बाहेर गेलं की बिल्लाही काढायचा. रोज सकाळी तपासणी होते, ती बिल्ल्यांची. एकेक खण उघडत बसलं तर चहा गार होतो. दुसरा जॅक चाचणीला गेला होता, बिल्ला मागे राहिला होता. त्या दिवशीची तपासणी माझी होती. मी दोन बिल्ले मोजले आणि तपासणीच्या वहीत बरोबरच्या दोन टिका मारल्या. सुरेख मारल्या होत्या.

दुसऱ्या केंद्रावरून जॅक यायला पंचवीस मिनिटं लागणार होती. आजींच्या बाजूला पाइप फुटलेला, पाणी हनुवटीला टेकलेलं. व्हॉल्व्ह शोधायला दोन माणसं गेली होती. त्यांना शोधायला तिसरा गेला. मी साहेबांना वायरलेसवर विचारलं. ते म्हणाले, जागेवर तू आहेस, तूच ठरव, फक्त नंतर माझं नाव लिहू नकोस.

आजींचं टोक उचललं तर सगळा भार आजोबांच्या छातीवर. थांबलो तर दहा मिनिटांत आजी बुडणार. आजोबांच्या बाजूला आम्ही लाकडी ठोकळे रचले. भुसभुशीत राडारोड्यावर ठोकळे किती टिकतात ते मला ठाऊक होतं. आजोबांनाही कळलं असावं. त्यांचा जन्म नाजूक चाकं बसवण्यात गेला होता.

"तिला आधी घे," ते म्हणाले. "चाळीस वर्षं बाहेर निघताना मी दारात ताटकळलोय. आज पहिल्यांदा ती आधी तयार आहे."

"त्यांचं ऐकू नकोस," आजी पलीकडून म्हणाल्या. "मी ऐकून पाहिलंय, उपयोग होत नाही."

अकरा वीसला मी आजींच्या टोकाखाली जॅक लावला. त्या बाहेर आल्या. ठोकळे सरकले.

दुसरा जॅक अकरा पस्तीसला आला, सांगितल्यापेक्षा पाच मिनिटं लवकर. रस्ता मोकळा मिळाला म्हणे.

चौथ्या दिवशी आजी केंद्रावर आल्या. साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि माझ्या दोन टिका दाखवून सांगितलं की साधनं पूर्ण होती. आजींनी टिका बघितल्या, मग माझ्याकडे बघितलं.

"दोन असते तर दोघं निघालो असतो?"

"हो, आजी."

साहेब खोकले. आजींनी पाणी संपवलं, पेला उपडा ठेवला आणि गेल्या.

मग साहेबांनी मला अहवालाचा फॉर्म दिला. 'साधनसामग्री पुरेशी होती का?' यापुढे 'होय' आधीच छापलेलं होतं. खोडाखोड चालत नाही, असं खाली बारीक अक्षरात. म्हणून मी वेगळा अर्ज केला. तो आवक-जावकच्या ट्रेमध्ये आहे, त्यावर पेपरवेट आहे.

प्रति, मा. केंद्रप्रमुख. विषय: तपासणी पुन्हा करू देण्याबाबत. महोदय, त्या दिवशीची सकाळी आठची तपासणी रद्द समजून ती मला प्रत्येक खण उघडून पुन्हा करू द्यावी, व माझे काम पूर्ण होईपर्यंत आजोबांना थांबवून ठेवण्याचे आदेश संबंधितांस व्हावेत, ही नम्र विनंती.