अकरा मिनिटांची खरखर

गिरधरने टॉवरच्या फाटकाला स्वतःचं कुलूप ठोकलं आणि किल्ली खिशात टाकली.

"नाना, उघडा ना. काम करू द्या," कुंदन म्हणाला. तो धुळ्याहून आलेला टॉवरचा तंत्रज्ञ होता.

"जमीन माझी आहे. तुमच्या टॉवरनं माझ्या बायकोचा शेवटचा फोन तोडला."

"तेच सुधारायला आलोय. तेवढ्याच लहरींत आता जास्त फोन बसतील."

"पोतं तेवढंच अन् कापूस जास्त? दाबून भरशीन?"

कुंदन हसला. "दाबायचं कशाला? माणूस फोनवर निम्मा वेळ गप्पच असतो. ते गप्प बसणं आम्ही पाठवतच नाही. ती जागा दुसऱ्याच्या बोलण्याला देतो. जुनीच पद्धत आहे, आता आणखी नीट करतोय."

"खोटं. गप्प असताना खरखर ऐकू येते."

"ती तुमचाच फोन तयार करतो, नाना. नाहीतर माणसाला वाटतं, लाइन कटली."

गिरधरचा हात खिशातच थांबला.

त्याची बायको मोहिनी धुळ्याच्या दवाखान्यात होती, तेव्हा इकडे केळीची कापणी चालू होती. ट्रक येऊन उभा होता आणि कापलेला घड थांबत नाही. गाडी भरली की निघतो, असं तो म्हणाला होता. दुपारी त्याच्या मुलीने, कामिनीने, फोन आईच्या तोंडाशी धरला. मोहिनीला बोलवत नव्हतं. अकरा मिनिटं तो बांधावर उभा राहून तिचा श्वास ऐकत होता. मग लाइन तुटली.

"आबा, आई दुसऱ्याच मिनिटाला गेली," कामिनी नंतर म्हणाली होती. "मला सांगवेना. फोन तसाच धरून बसले."

"खोटारडी," तो सगळ्या भावकीसमोर ओरडला होता. "मी ऐकलाय तिचा श्वास." सात महिने झाले. बापलेकीत एक शब्द नाही.

"मले फोन लाव," तो कुंदनला म्हणाला. "अन् तिकडं केळीत जा. बोलायचं नाही."

कुंदन दूर बागेत शिरला. गिरधरने फोन कानाला लावला. बारीक खरखर, बांधावर ऐकलेल्या श्वासासारखी. तशीच. त्याने डोळे मिटले, तरी तशीच.

"हरामखोर," तो म्हणाला. कोणाला, ते कुंदनला कळलं नाही. तो परत आला तेव्हा किल्ली कुलपाला लटकत होती आणि म्हातारा पाठ फिरवून नंबर लावत होता.

फोन उचलला गेला. पलीकडून कोणी बोललं नाही. नुसती खरखर.

"कामिनी," गिरधर म्हणाला. "गप्प नको राहू. शिव्या दे मले. पण बोल."