साहेबांचं टेबल खाली आलं

मी टेबल बोलतोय. खुर्ची ओढा आणि बसा, उभ्या उभ्या ऐकण्यासारखी माझी हकीकत नाही. आणि मी थोडी फुशारकी मारणार आहे, तेही आधीच सांगून ठेवतो.

माझं अंग सागवानी. सुताराने पॉलिश असं चढवलं होतं की त्याला माझ्यात स्वतःच्या मिशा दिसायच्या. छत्र्यांच्या एका कारखान्याच्या मालकांनी मला घेतलं. हमालांनी घामाघूम होत मला वरच्या मजल्यावर, साहेबांच्या खोलीत नेऊन ठेवलं. काय तो थाट! पुढे ऐसपैस खण, खणात साहेबांचा कंगवा आणि वाळलेली पेनं. नोकरी मागायला येणारा प्रत्येक जण माझ्यासमोर बसून माझ्याच कडेला नखं घासायचा. माणसं नोकरी मागताना फार गोड बोलतात आणि जिना उतरताना खरं बोलतात, हे मी तिथे शिकलो.

एकदा तयार छत्र्या तपासायला माणूस हवा होता. मुलाखती चालू असताना खाली गलका झाला. खोलीचं दार जिन्याच्या तोंडाशीच, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. चाकांच्या खुर्चीतून एक मुलगी आली होती, सोबत थोरला भाऊ. जिन्यापाशी खुर्ची अडली.

"चल, मी घेतो उचलून," भाऊ म्हणाला.

"नको दादा. आज पोत्यासारखी वर गेले, तर रोज पोत्यासारखंच जावं लागेल. तू रोज येणार आहेस का?"

साहेब कठड्याशी आले. माणूस वाईट नव्हता, पण कायम घाईत. "आज राहू दे गं. पुढच्या वेळी बघू काहीतरी."

मुलीचा चेहरा पडला. हे 'पुढच्या वेळी' तिने किती दारांत ऐकलं असेल कुणास ठाऊक. भावाने खुर्ची वळवलीसुद्धा.

तेवढ्यात पॅकिंगच्या मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "पुढच्या वेळी हा जिना काय सुट्टीवर जाणार आहे, साहेब? ती वर येत नाही, तर टेबल आणा खाली. चार पाय आहेत मेल्याला, पण एक पाऊल कधी चाललंय का? आपणच उचलून वर नेलं ना? तेव्हा नाही कुणी म्हणालं, पुढच्या वेळी बघू!"

सगळे हसले. साहेबही हसले. मला मात्र चांगलंच झोंबलं. पण मावशींचं खोटं नव्हतं. मला उचलून नेलं, याची लाज मला कुणी कधी वाटू दिली नव्हती.

चौघांनी मला उचललं, जिन्याच्या कठड्यात मी अडकलो, एक कोपरा खरचटला, आणि अखेर शिलाई मशिनांच्या खडखडाटात मला टेकवलं. साहेबांनी आवाज मऊ केला. "घरी कोण कोण असतं? फार त्रास होतो का?"

"साहेब, माझ्या आधी जी आली, तिला काय विचारलंत?"

साहेब गडबडले. "तिला... छत्र्या तपासायला दिल्या."

"मग मलाही द्या की!"

तिचे गुडघे माझ्या खणाला अडत होते, म्हणून ती तिरकी बसली. छत्री उघडायची, काड्या चाचपायच्या, शिवण उजेडात धरायची. एक उसवलेली शिवण तिच्या नजरेतून सुटली. साहेबांनी ती दाखवली. भाऊ खाली बघायला लागला. साहेब पुढे काही बोलायच्या आत तिने सगळा ढीग पुन्हा उघडायला घेतला.

"बास, बास," साहेब म्हणाले. "सोमवारपासून ये."

माझा जुना सुतार आला. त्याने खण काढला तेव्हा मला पोटच गेल्यासारखं वाटलं. पायांखाली लाकडी ठोकळे बसवले. सोमवारी तिची खुर्ची सरळ माझ्याखाली शिरली, दोन्ही कोपर माझ्यावर टेकले. त्या दिवशी माझी छाती जी फुगली, ती वरच्या खोलीत कधी फुगली नव्हती. पुढे दाराशी उतार झाला, बाथरूमचं दार रुंद झालं. त्या उतारावरून मावशींच्या हातगाड्याही सुळकन जाऊ लागल्या, आणि तो आपल्यासाठीच केलाय असं मावशी सांगत सुटल्या.

आता तपासणी खातं तिच्या हाताखाली आहे. मुलाखती माझ्यापाशीच होतात, पण प्रश्न ती विचारते, आणि भल्याभल्यांना घाम फोडते.

परवा एक गृहस्थ आले. डावा हात कोपरापासून नाही. म्हणाले, "बाई, जरा सोपं काम असलं तर बघा."

"सोपं मागू नका. काम करायला काय लागेल ते मागा."

त्यांनी माझ्यावरची एक छत्री उचलून पाहिली. मग ते हळूच म्हणाले, "छत्रीची मूठ घट्ट धरून ठेवायला काही असलं, तर ती मी एका हाताने उघडीन."

तिने लगेच सुताराला निरोप धाडला, तोवर मूठ स्वतः धरली, आणि मग त्या गृहस्थांची अशी काही परीक्षा घेतली की मलाच त्यांची दया आली. पण कसोटीला उतरले ते.

तुमच्याही कचेरीत एखादं टेबल वर चढून बसलं असेल. त्याला खाली आणा. थोडं खरचटेल, पण माझ्या शब्दावर आणा.

आत्ता म्हातारा सुतार छत्रीची मूठ धरणारी लोखंडी पकड बसवायला माझ्या कडेशी वाकलाय. हात फिरवतोय, पुटपुटतोय, "इतक्या चांगल्या लाकडाला भोकं पाडायचं जिवावर येतं."

पाड बाबा, खुशाल पाड. आणि पकड घट्ट बसव. सोमवारी माणूस कामावर येतोय.